वॉश आणि फिल्टर: स्पिटफायरच्या पंखावर कुठे काय मारायचं

प्लास्टिकचं मॉडेल विमान रंगवून झालं की त्यावर पातळ रंग मारायच्या दोन तऱ्हा म्हणजे वॉश आणि फिल्टर. दोन्हींना रंग तोच, पातळ करायचं तेल तेच, वाटीही तीच. म्हणूनच १/७२ च्या (खऱ्याच्या बहात्तराव्या हिश्शाच्या) विमानाला वॉश द्यायला बसलेला माणूस नकळत फिल्टर देऊन उठतो. उलटही होतं. पंखाचा रंग जरा मावळावा म्हणून फिल्टर हाती घ्यावा, तर पत्र्याचे सांधे दाखवणाऱ्या खाचाखाचांतून काळ्या रेघा धावतात. फरक एका वाक्यात सांगता येतो: वॉश खाचेत राहू द्यायचा आणि बाकीच्या अंगावरून पुसून काढायचा, तर फिल्टर सगळ्या अंगावर राहू द्यायचा आणि पुसायचाच नाही. प्रमाण, ब्रश, खालची वार्निश, वेळ हे सगळं यावरूनच ठरतं.

उदाहरणाला विमान घ्यायचं तर बडोदेकरांनी फार लांब शोधायला नको. ब्रिटिश हवाई दलाच्या १२४ व्या स्क्वाड्रनच्या नावातच 'बडोदा' होतं. मे १९४१ मध्ये स्कॉटलंडमधल्या कॅसलटाउनला ही स्क्वाड्रन नव्याने उभी राहिली. तिच्या स्पिटफायर लढाऊ विमानांवर 'ओएन' ही अक्षरं असत. स्पिटफायरच्या आवृत्त्यांपैकी अति उंचीवर उडणारे मार्क ६ आणि मार्क ७ पुढे तिच्याकडे आले, पण हात बसवायला मार्क ५ बरा. ऑगस्ट १९४१ पासूनची रंगसंगती घ्या: वर गडद हिरवा आणि ओशन ग्रे, खाली मीडियम सी ग्रे, शेपटीजवळ फिकट 'स्काय' रंगाचा पट्टा.

आधी वॉश. इनॅमलचा रंग असेल तर एका थेंबाला दहा थेंब टर्पेंटाइन. ट्यूबमधला ऑइल कलर असेल तर तो आधी खाकी पुठ्ठ्यावर तासभर ठेवून त्यातलं अळशीचं तेल शोषू द्यायचं. नाही तर वॉश दोन-दोन दिवस चिकट राहतो आणि वाळला तरी तेलकट चमकतो. खालचा पृष्ठभाग चकचकीत हवा, म्हणजे ग्लॉस वार्निशचा पूर्ण वाळलेला थर. गुळगुळीत पृष्ठभागावर पातळ द्रव कुठे अडकत नाही, तो केशाकर्षणाने खाचेत ओढला जातो. शून्य-शून्य नंबरच्या ब्रशचं टोक खाचेच्या एका टोकाला नुसतं टेकवा. रंग स्वतःच दोन-तीन सेंटिमीटर पुढे धावतो. खाचेवरून ब्रश ओढावा लागत असेल, तर एक तर मिश्रण जाड आहे किंवा खालची वार्निश पुरेशी गुळगुळीत नाही.

पंधरा-वीस मिनिटांनी पुसायचं. कानातल्या कापसाच्या काडीला टर्पेंटाइन लावून ती आधी टिश्यूवर फिरवून जवळपास कोरडी करा. पंखावर पुढच्या कडेकडून मागे, धडावर वरून खाली. खाचेच्या दिशेने पुसलं तर आत बसलेला रंगही काडीला लागून निघून येतो. जो थोडासा मळ उरतो तो वाऱ्याच्या किंवा पावसाच्या ओघळाच्या दिशेनेच उरतो, म्हणून खोटा वाटत नाही.

वॉशच्या रंगाबाबत आमचं मत ठाम आहे: शुद्ध काळा वापरूच नका. किटमधली खाच साधारण ०.१५ मिलिमीटर रुंद धरली, तर १/७२ मध्ये ती खऱ्या विमानावर जवळजवळ ११ मिलिमीटरची भेग होते. पत्र्याच्या दोन तुकड्यांमधली फट एवढी कधीच नसते. तिच्यात काळा भरला की पंख फरशी बसवल्यासारखा दिसतो. हिरव्या आणि ओशन ग्रे भागाला बर्न्ट अंबरमध्ये थोडा काळा मिसळून घ्या, खालच्या मीडियम सी ग्रेला त्याच्यापेक्षा फक्त दोन छटा गडद असा तपकिरी राखाडी पुरे. पुढच्या कडेच्या पिवळ्या पट्टीला नुसता तपकिरी.

शिवाय सगळ्या खाचा सारख्या नसतात. एलेरॉन, रडर, एलिव्हेटर या पंखाच्या आणि शेपटीच्या हलत्या भागांच्या बिजागरांच्या फटी खऱ्याच उघड्या फटी, तिथे गडद वॉश चालतो. इंजिनाची झाकणं आणि बंदुकांच्या गोळ्या भरायची दारं सारखी उघडावी लागत, तिथेही चालतो. पंखाच्या पुढच्या भागात मात्र खऱ्या स्पिटफायरचे सांधे आणि रिव्हेट लांबी (पुट्टी) भरून घासून सपाट केलेले असत. किटमध्ये खाच दिली आहे म्हणून ती रंगवलीच पाहिजे असं काही नाही. तिथे वॉश अगदी फिका ठेवा किंवा द्याच नका. रडर आणि एलिव्हेटर कापडाचे, त्यांच्यावर पत्र्याचे सांधे नाहीतच, फक्त फासळ्यांचे उंचवटे आहेत.

आता फिल्टर. एका थेंबाला पंचवीस ते तीस थेंब टर्पेंटाइन, म्हणजे वाटीतलं मिश्रण मळकट पाण्यासारखं दिसलं पाहिजे. खालचा पृष्ठभाग सॅटिन, म्हणजे अर्धवट चमकीचा हवा. चकचकीत असेल तर द्रव थेंबाथेंबाने गोळा होतो, अगदी मॅट असेल तर एकदम शोषला जाऊन डाग पडतात. सहा-आठ मिलिमीटरचा चपटा ब्रश बुडवून टिश्यूवर इतका टिपायचा की टोकाला थेंब लोंबता कामा नये. मग पंखाच्या मुळापासून टोकापर्यंत एकदाच, ओल्या भागावर पुन्हा न जाता. खाचांत द्रव साठताना दिसला की ब्रशवर माल जास्त आहे. कोरड्या ब्रशने लगेच टिपून घ्या.

फिल्टरने घाण दिसत नाही, रंगाचा सूर बदलतो. पिवळसर गेरूचा फिल्टर हिरव्याला ऊन खाल्ल्यासारखा करतो. निळसर राखाडी फिल्टर ओशन ग्रेला थंड करतो. दोन्ही रंगांवर एकच फिल्टर दिला तर त्यांच्यातली चढाओढ कमी होते आणि विमान एकसंध दिसायला लागतं. पांढऱ्या भागाची खास काळजी घ्या. गोल खुणांमधला पांढरा रंग सगळ्यात आधी पिवळा पडलेला दिसतो, तिथे एक थर पुरे. बाकी ठिकाणी दोन किंवा तीन, आणि दोन थरांत एक दिवस. घाई केली तर दुसऱ्या थरातलं टर्पेंटाइन पहिल्या थराला सोडवतं आणि मध्येच उघडा पट्टा पडतो.

फिल्टर नीट झाला की नाही हे विमानाकडे बघून कळत नाही, डोळा लगेच सरावतो. म्हणून विमान रंगवताना त्याच रंगांनी एक प्लास्टिकचा चमचाही रंगवून ठेवा, अर्धा टेपने झाकून. विमानाला दिलेला प्रत्येक थर त्या चमच्यालाही द्या आणि शेवटी टेप काढून दोन्ही अर्धे शेजारी धरून बघा.

गल्लत झाली की ओळखायचं कसं? सांध्याच्या दोन्ही बाजूंना ढगासारखा मळ पसरलाय आणि तो पुसून जात नाही, म्हणजे मॅट पृष्ठभागावर वॉश दिलाय. सपाट भागावर कडा गडद असलेले गोल किंवा किनाऱ्यासारख्या रेषा दिसतात, म्हणजे फिल्टर जास्त ओला होता आणि साठलेल्या द्रवाच्या कडेला रंग बसला. हे दोन-चार तासांत लक्षात आलं तर ओलसर काडीने निघतं, दुसऱ्या दिवशी निघेलच असं नाही. डिकलच्या (खुणांच्या चिकटचित्राच्या) कडेखाली गडद रेघ शिरली असेल तर डिकलवर वार्निशचा थर द्यायचा राहिला. आणि रंगच उचलला जाऊन खालचं प्लास्टिक दिसायला लागलं, तर इनॅमल वार्निशवर इनॅमलचा वॉश दिलाय. मध्ये अॅक्रिलिक वार्निशचा थर हवाच.

म्हणून क्रम असा ठेवावा: रंग, ग्लॉस, डिकल, त्यावर सॅटिन, मग फिल्टर. एक-दोन दिवसांनी पुन्हा ग्लॉस, मग वॉश आणि पुसणं, शेवटी मॅट. काही जण वॉश आधी करतात. चालतं, पण फिल्टरच्या आधी वॉशवर वार्निश चढवली नाही, तर फिल्टरमधलं टर्पेंटाइन खाचेतला वॉश धुऊन काढतं.

सामान बडोद्यात सहज मिळतं. १९५० पासून इथे फाइन आर्ट्सची फॅकल्टी आहे, त्यामुळे चांगल्या ऑइल कलरच्या ट्यूबसाठी मुंबईला कुणाला सांगावं लागत नाही. टर्पेंटाइन मात्र पारखून घ्या. हार्डवेअरच्या दुकानातल्या खनिज टर्पेंटाइनचा एक थेंब काचेवर टाकून वाळू द्या. तेलकट ठसा राहिला तर ते फक्त ब्रश धुवायला ठेवा. चित्रकारांचं चिडाच्या झाडाचं टर्पेंटाइन जास्त जहाल असतं, त्यामुळे ते विमानावर नकोच. उघड्या प्लास्टिकवर, विशेषतः चाकांच्या दांड्यांसारख्या ताणाखालच्या भागांवर, कुठलंही टर्पेंटाइन साचू देऊ नका. आतून तडा जातो आणि दांडी हातात येते.

मे महिन्यात पंख्याखाली वॉश दहा मिनिटांतच पकडतो, तेव्हा एका वेळी फक्त एक पंख घ्या आणि पंखा बंद ठेवा. पावसाळ्यात उलटी तऱ्हा. अॅक्रिलिक वार्निशला एकाऐवजी दोन दिवस द्या, आणि डब्यातली मॅट वार्निश बाहेर धो धो कोसळत असताना फवारू नका. हवेतला दमटपणा थरात अडकून सगळं विमान पांढुरकं होतं. बरेच जण त्याचा दोष फिल्टरला देतात आणि चांगला जमलेला फिल्टर काढायला बसतात. कोरड्या दिवशी त्यावर ग्लॉसचा पातळ थर फवारून बघा, बहुतेक वेळा पांढुरकेपणा जातो आणि खालचा फिल्टर जसाच्या तसा सापडतो.