पुण्यातल्या रेडिओ-टीव्हीचा इतिहास जपणं

पुण्यातून किंवा पुण्यासाठी जे काही हवेतून, आणि नंतर केबलच्या वायरीतून, घराघरात पोचलं त्याची ध्वनिमुद्रणं, चित्रफिती, स्क्रिप्टं, क्यू शीट (कोणत्या क्षणी काय वाजवायचं याची यादी), फोटो, जुनी यंत्रं आणि ऐकणाऱ्या-बघणाऱ्यांच्या आठवणी शोधायच्या, साफ करायच्या, डिजिटल करायच्या आणि नीट नोंदी लावून ठेवायच्या, या सगळ्या कामाला मिळून हे नाव. ऐकायला सोपं वाटतं पण त्यात एक मेख आहे. जे प्रसारित झालं आणि जे टिकलं त्या दोन वेगळ्या गोष्टी असतात. पुण्यात तर बऱ्याचदा गाणं टिकलंय, श्रुतिका टिकलीये, एखाद्या मोठ्या माणसाचं भाषणही टिकलंय, पण त्यांच्या अवतीभवतीचा रेडिओ गेलाय, म्हणजे निवेदकाने वेळ सांगणं, व्यत्ययाबद्दलची दिलगिरी, बाजारभाव, हवामान, दोन कार्यक्रमांच्या मधली ती तीन सेकंदांची शांतता. हे कोणी मुद्दाम जपत नाही, कारण तेव्हा ते रोजचंच असतं ना.

आकाशवाणीचं पुणे केंद्र २ ऑक्टोबर १९५३ ला सुरू झालं. स्टुडिओ शिवाजीनगरला, मध्यम लहरींवर ७९२ किलोहर्ट्झ, आणि पुढे विविध भारतीचं एफएम १०१ वर. हडपसरला सोलापूर रस्त्यावर बसचा एक स्टॉप आहे, त्याचं नावच 'आकाशवाणी', तिथून रोज चढणाऱ्या-उतरणाऱ्या पोरापोरींना हे नाव कुठून आलं हे विचारून बघा, गंमत येईल. केंद्रावर काम केलेल्यांची यादी बघितली तर मराठी साहित्याच्या इतिहासाचं एक पान वाटतं. व्यंकटेश माडगूळकर इथल्या ग्रामीण कार्यक्रमांच्या विभागात होते, पुलंनी इथे नोकरी केली आणि नंतर ते दिल्लीला गेले, सिनेमातला पाटील म्हणून सगळ्यांना माहीत असलेले जयराम कुलकर्णी मूळचे इथलेच, आणि सुधा नरवणे यांच्या आवाजातल्या प्रादेशिक बातम्या हे कित्येक घरातलं सकाळचं घड्याळ होतं. बातम्यांचा आवाज आठवतो सगळ्यांना. बातम्या मात्र कोणालाच आठवत नाहीत.

गीतरामायण, म्हणजे कोणतं?

या विषयात गीतरामायण टाळताच येत नाही, आणि टाळू पण नये, कारण टिकणं आणि प्रसारित होणं यातला फरक इथे सगळ्यात स्वच्छ दिसतो. १ एप्रिल १९५५ ची रामनवमी, पुणे केंद्र, शब्द गदिमांचे, चाली सुधीर फडक्यांच्या, आणि ही कल्पना उचलून धरणारे केंद्रावरचे अधिकारी सीताकांत लाड. दर आठवड्याला एक नवं गाणं, शुक्रवारी सकाळी पावणेनऊला, आणि तेच शनिवार-रविवारी परत. मुळात वर्षभराची ५२ ठरली होती, पण मधे अधिक महिना आला म्हणून झाली ५६, पंचांगाने वाढवलेली रेडिओ मालिका जगात दुसरी असेल असं वाटत नाही. शेवटचं गाणं १९५६ च्या रामनवमीला लागलं.

आता आपल्यापैकी बहुतेकांच्या डोक्यात जे गीतरामायण आहे ते एकट्या बाबूजींच्या, म्हणजे सुधीर फडक्यांच्याच, आवाजातलं, १९६५ साली एचएमव्हीने दहा एलपींमध्ये (मोठ्या तबकड्यांमध्ये) काढलेलं. रेडिओवरचं तसं नव्हतंच. तिथे पात्राप्रमाणे गायक बदलायचे, माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, ललिता फडके, राम फाटक, सुरेश हळदणकर, लता मंगेशकर असे वेगवेगळे गळे होते, आणि लोकांनी ते आठवड्याला एक असं थांबून थांबून ऐकलं, दुकानात एकदम छप्पन्न गाणी विकत घेऊन नाही. पुण्यातली वर्तमानपत्रं त्या त्या आठवड्याचं नवं गाणं छापायची, लोक वहीत उतरवून घ्यायचे. त्यामुळे आजीच्या हस्ताक्षरातली अशी वही सापडली, आणि तिच्यात गाण्याच्या वर तारीख टाकलेली असली, तर माझ्या मते ती एलपीच्या संचापेक्षा जास्त मोलाची आहे. एलपी हे गाण्याचं मुद्रण झालं, वही ही प्रसारणाची साक्ष.

टेप का गेल्या

लोकांना वाटतं निष्काळजीपणा. असेलही थोडा, पण मुख्य कारण पैसा. पाव इंची टेपचा सात इंची स्पूल, बाराशे फुटाचा, सेकंदाला साडेसात इंच या वेगाने चालवला तर बत्तीस मिनिटांत संपतो, आणि टेप महाग, त्यामुळे कार्यक्रम वाजला की टेप पुसून त्यावर पुढचा घ्यायचा हा सगळ्या जगात नियमच होता, बीबीसीसारख्या श्रीमंत संस्थेनेसुद्धा अशाच आपल्या गाजलेल्या मालिका पुसल्यात. मग ठेवायचं काय? तर जे 'महत्त्वाचं' ते. शास्त्रीय गायनाची मैफल महत्त्वाची, नेत्याचं भाषण महत्त्वाचं, कांद्याचा भाव बिनमहत्त्वाचा. ही निवड करणाऱ्यांना दोष देण्यात अर्थ नाही, आपणही मोबाइल भरला की आधी तेच करतो. शिवाय बरंचसं थेट प्रसारण होतं, म्हणजे निवेदक बोलला आणि ते हवेत गेलं, त्याची टेप कधी झालीच नव्हती.

आणि हे फक्त जुन्या काळाचं नाही. आजच्या कम्युनिटी रेडिओला, म्हणजे विद्यापीठाची विद्यावाणी असो किंवा दुसरं कुठलंही केंद्र, सरकारी नियमाप्रमाणे प्रसारित केलेला कार्यक्रम तीन महिने जपून ठेवावा लागतो. तीन महिने. तेही तक्रार आली तर पुरावा हवा म्हणून, इतिहास म्हणून नव्हे, त्यामुळे चौथ्या महिन्यात हार्ड डिस्क रिकामी केली तर कायद्याने कोणी काही म्हणू शकत नाही.

कागद मात्र टिकतो

१९५६ च्या फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये युनेस्कोच्या मदतीने पुण्याच्या आसपासच्या मराठी जिल्ह्यांत सुमारे दीडशे खेड्यांमध्ये एक प्रयोग झाला. गावातल्या लोकांनी आठवड्यातून दोनदा रेडिओभोवती जमायचं, शेतीवरचा अर्ध्या तासाचा कार्यक्रम ऐकायचा आणि मग त्यावर चर्चा करायची, आणि नुसतं ऐकून घरी जायचं नाही तर प्रश्न आणि मतं उलट रेडिओला कळवायची. असे वीस कार्यक्रम झाले. टाटा समाजविज्ञान संस्थेने त्याची पाहणी केली, पॉल न्यूरथ यांनी अहवाल लिहिला आणि युनेस्कोने तो छापला. विकासासाठी रेडिओ या विषयावर जगात कुठेही शिकवायला घेतलं की 'पूना' हे नाव येतंच, आणि पुण्यात विचारलं तर दहातल्या नऊ जणांना माहीत नसतं. तरी हा प्रयोग झाला हे आज कळतं कशावरून, तर कागदावरून.

म्हणून जपणुकीचं काम करणाऱ्याने फक्त टेपच्या मागे लागू नये. आकाशवाणीचं 'इंडियन लिसनर' हे कार्यक्रम पत्रक १९३५ पासून निघायचं, १९५८ पासून त्याचंच नाव 'आकाशवाणी' झालं, त्यात केंद्रवार वेळापत्रकं असत, म्हणजे टेप नसली तरी अमुक दिवशी संध्याकाळी कोण गायलं हे शोधता येतं. शिवाय करारपत्रं, मानधनाच्या पावत्या, श्रोत्यांची पत्रं, पोस्टात नूतनीकरण करून घ्यायचं ते रेडिओ लायसन्सचं पुस्तक (हो, रेडिओ ऐकायला लायसन्स लागायचं, ऐंशीच्या दशकात बंद झालं), दूरच्या केंद्राचा कार्यक्रम ऐकून कळवल्याबद्दल आलेली क्यूएसएल कार्डं. पेशवे दप्तराचे रुमाल, म्हणजे कागदांची कापडी गाठोडी, उघडून मोडीतला जमाखर्च वाचणारं हे शहर, १९१० पासून इथे भारत इतिहास संशोधक मंडळ आहे, त्याला कागदाची किंमत सांगायची गरज नसावी. पण कागदाचं वय कमी असलं की आपण त्याला रद्दी म्हणतो.

टीव्ही: सिंहगडावरचा मनोरा आणि गल्लीतला केबलवाला

पुण्याचा टीव्ही सुरू झाला तोच मुंबईच्या आधाराने. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ चं, आणि १९७३ मध्ये सिंहगडावरच्या प्रक्षेपकातून ते पुण्यात दिसायला लागलं, गडावर पिठलं-भाकरी खाताना जो मनोरा दिसतो तोच हा टीव्हीचा मनोरा. म्हणजे पुणेकरांनी बघितलेला सुरवातीचा टीव्ही पुण्यात तयारच झालेला नव्हता, त्याच्या टेप शोधायच्या तर वरळीला जायला हवं. पुण्यात तयार झाली ती माणसं, कारण १९७४ मध्ये टीव्हीचा प्रशिक्षण विभाग दिल्लीहून फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये आला आणि दूरदर्शनची पुष्कळ मंडळी लॉ कॉलेज रोडवर शिकून गेली. त्याच रस्त्यावर १९६४ पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, त्यामुळे पुष्कळांचा असा समज असतो की टीव्हीपण तिथेच सांभाळला जात असेल. पण ते मुळात सिनेमाचं घर. फिल्मसाठी असं घर पुण्यात आहे, गल्लीतल्या केबल चॅनलसाठी नाही.

आणि खरा लोकल टीव्ही तो गल्लीतलाच. नव्वदच्या दशकात केबलवाल्याने गच्चीवर डिश लावली, खाली खोलीत दोन व्हीसीआर ठेवले आणि एका चॅनलवर रात्री सिनेमा, दिवसा सरकत्या अक्षरांच्या जाहिराती आणि वाढदिवसाच्या शुभेच्छा, गणपतीत मंडळांचे देखावे आणि विसर्जन मिरवणूक, निवडणुकीत वॉर्डातल्या उमेदवाराची मुलाखत असं सगळं सुरू केलं. १९९५ ला केबलचा कायदा आला, मग केबलवाले मोठ्या कंपन्यांना जोडले गेले, आणि सेट टॉप बॉक्सच्या सक्तीचा दुसरा टप्पा, ज्याची मुदत ३१ मार्च २०१३ होती, त्यात पुणे आल्यावर ती जुनी अ‍ॅनालॉग व्यवस्था गेली. लक्ष्मी रोडवरची त्या वर्षांची मिरवणूक, त्यातले ढोल, त्यातले चेहरे, आता नसलेली दुकानं, हे सगळं व्हीएचएसवर होतं, आणि व्हीएचएस कुठे असतात तर माळ्यावर, गोणीत, पत्र्याच्या खाली. केबलचा धंदा बंद करणाऱ्याला ते चार पोती प्लॅस्टिक वाटतं, त्यात त्याची काही चूक नाही. लग्नाचं शूटिंग करणारे व्हिडिओवाले हा आणखी एक साठा, कारण केबलसाठी कॅमेरा घेऊन तेच जायचे.

प्रत्यक्ष काम

पुण्याच्या पावसाळ्याने टेपवर पांढरी बुरशी धरते, तशी टेप थेट मशीनमध्ये घातली तर टेप वाचणारे मशीनचे हेडही खराब होतात आणि पुढच्या दहा टेपही, म्हणून आधी कोरडं करून साफ करणं. सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या काही टेपचा आतला चिकटवणारा थर ओल शोषून चिकट होतो, चालवताना किंचाळल्यासारखा आवाज येतो, अशा वेळी ताबडतोब बंद करायचं. मंद उष्णतेत, पन्नासेक अंशांवर काही तास ठेवून ती तात्पुरती वाजवण्यालायक होते, पण हे घरच्या ओव्हनमध्ये कोणी करू नये, आणि जुन्या अ‍ॅसिटेटच्या टेपला तर हा उपाय मुळीच चालत नाही. कॅसेट ज्या डेकवर भरली त्याच्या हेडचा कोन आणि आपल्या डेकचा कोन जुळला नाही की आवाज गोधडीत गुंडाळल्यासारखा येतो, त्यासाठी हेडजवळचा बारीक स्क्रू फिरवून कानाने जुळवावं लागतं, कसबाचं काम आहे. आणि वेळ वाचत नाही, एका तासाच्या टेपला एक तास बसावंच लागतं.

फाइल आवाज दाबून लहान करणाऱ्या एमपी३ मध्ये नको, काही न गाळणाऱ्या वेव्हमध्ये ठेवावी, ४८ किलोहर्ट्झ २४ बिट हे किमान, जमलं तर ९६, मग स्टिरिओ तासाला दोन जीबीच्या आसपास जातात आणि आजच्या डिस्कला ते काहीच नाही. खरी अडचण यंत्रांची. व्हीसीआर बनवणाऱ्या शेवटच्या कंपनीने, जपानच्या फुनाईने, २०१६ मध्ये उत्पादन थांबवलं, त्यामुळे आता बेल्ट आणि हेडसाठी तपकीर गल्लीत ओळखी काढणं किंवा बुधवारी-रविवारी जुन्या बाजारात दोन बंद मशीन घेऊन त्यातून एक चालू करणं हाच मार्ग. दुरुस्ती येणारे कारागीर साठी-सत्तरीतले, त्यांचं कसबही याच इतिहासात मोडतं, त्यांच्या मुलाखती घ्यायला हव्यात, निवेदकांच्या घेतो तशाच.

हक्कांचा गुंता असतोच. भारतीय कायद्यात प्रसारण करणाऱ्याचा प्रसारणावरचा हक्क २५ वर्षांचा, पण आतल्या गाण्याच्या शब्दांचा आणि चालीचा हक्क लेखक-संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं, म्हणजे गदिमा १९७७ ला गेले, त्यांच्या शब्दांवरचा हक्क २०३७ अखेरपर्यंत आहे. त्यामुळे जपणं आणि सगळ्यांना खुलं करणं या दोन पायऱ्या वेगळ्या ठेवाव्यात, दुसरीसाठी पहिली थांबवू नये. टेप आपली वाट बघत थांबत नाही.

घरगुती कॅसेट डिजिटल करणाऱ्यांची एक सवय मात्र मोडायला हवी. लेबलवर लिहिलेलं असतं 'भीमसेन, तोडी' किंवा नुसतं 'बाबांचं भाषण', तेवढा भाग ठेवतात आणि पुढचं कापून टाकतात. पण रेडिओवरून गाणं भरून घेणारा माणूस बऱ्याचदा रेकॉर्डचं बटण उचलायला विसरायचा, किंवा स्वयंपाकघरात गेलेला असायचा, आणि मग गाणं संपल्यावर निवेदिका बोलते, वेळ सांगते, पुढच्या कार्यक्रमाचं नाव घेते, एखादी बियाण्याची जाहिरात लागते, मागे कुकरची शिट्टी होते आणि मधेच कॅसेट संपते. पुणे केंद्राची रोजची सभा, म्हणजे एका बैठकीचं सलग प्रसारण, कशी होती हे कळायचं ते बरंचसं या विसरलेल्या चार-पाच मिनिटांमधून. त्यामुळे कॅसेट शेवटपर्यंत चालू द्यायची, दोन्ही बाजू, खरखरीसकट, आणि लेबलचा फोटो काढून त्याच फोल्डरमध्ये टाकायचा.