फ्रान्सिस्कन मॅन्झानिटा: कबरस्तानात तगलेलं, महामार्गावर सापडलेलं झुडूप

फ्रान्सिस्कन मॅन्झानिटाची बातमी झाली ती २००९ साली. पण हे झुडूप तिथवर कसं आलं हे समजायचं, तर सॅन फ्रान्सिस्कोत कोणत्या जमिनीला भाव आला आणि कोणत्या जमिनीला नाही, तिथपासून सुरुवात करावी लागते.

कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरच्या या एका शहराबाहेर हे झुडूप रानात कुठेच नोंदलेलं नाही. शहरातही ते सगळीकडे नव्हतं. डोंगरमाथ्यांवर जिथे सर्पेंटाइनसारखा खडक उघडा पडलाय, तिथेच त्याचं बस्तान. त्या खडकाच्या मातीत मॅग्नेशियम फार, कॅल्शियम कमी, वर निकेल आणि क्रोमियमचा मारा. बाकीची झाडं तिथे हात टेकतात, हे मात्र समुद्रावरून येणाऱ्या धुक्याच्या ओलाव्यावर जमिनीलगत पसरत जातं. साल लालसर, गुळगुळीत. हिवाळा सरता सरता पांढरट-गुलाबी फुलांचे झुबके येतात, तोंडाशी आवळलेले आणि खाली लोंबणारे. भुंगा फुलाला लटकून अंग थरथरवतो तेव्हा कुठे पराग झडतात.

१८५४ मध्ये शहराबाहेरच्या अशाच एका टेकडीवर कबरस्तान झालं. पुढे त्याचं नाव लॉरेल हिल पडलं. शहर वाढत वाढत त्याच्या भोवती आलं, पण कबरींमधली जमीन तशीच राहिली. आपल्याकडे देवाच्या भीतीने देवराई राखली गेली, तिथे ते काम मेलेल्यांनी केलं. कॅलिफोर्निया अकॅडमी ऑफ सायन्सेसच्या अॅलिस ईस्टवुड यांनी १९०५ मध्ये या झुडपाचं शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केलं. पुढच्याच वर्षी भूकंप झाला. मोडक्या जिन्याचे कठडे धरत सहाव्या मजल्यावर चढून सुमारे दीड हजार मोलाचे वनस्पती-नमुने आगीआधी खाली उतरवणाऱ्या त्या याच बाई. नमुने वाचवता आले, टेकड्या वाचवणं कुणाच्याच हातात नव्हतं.

शहराच्या हद्दीत नव्याने दफन करायला १९०० साली बंदी आली. १९३७ मध्ये मतदारांनी लॉरेल हिल हलवायला कौल दिला. हजारो अवशेष उकरून दक्षिणेकडच्या कोल्माला नेले गेले आणि १९४७ मध्ये रिकाम्या टेकडीवर बुलडोझर चढला. टिल्डन पार्कमधल्या वनस्पती उद्यानाचे जेम्स रूफ यांच्यासारख्यांनी आधीच काही झुडपं काढून आणली होती. म्हणून बागेत वाण राहिलं, रानातून संपलं.

प्रेसिडिओ या लष्करी ठाण्याच्या हद्दीतही बांधकामाची घाई नव्हती. १९५२ मध्ये तिथे पीटर रेव्हन या शाळकरी मुलाला याच कुळातलं दुसरं दुर्मीळ झुडूप सापडलं. रानातलं ते त्याच्या जातीचं एकुलतं एक. आज ते रेव्हन यांच्याच नावाने ओळखलं जातं, आणि तो मुलगा पुढे मिसूरी बोटॅनिकल गार्डनचा अनेक दशकं संचालक होता.

२००९ च्या ऑक्टोबरमध्ये प्रेसिडिओतूनच गोल्डन गेट पुलाकडे जाणारा डॉइल ड्राइव्ह हा रस्ता नव्याने बांधायला घेतला होता आणि कडेची झाडी तोडली होती. परिसंस्थाशास्त्रज्ञ डॅनियल ग्लूसेनकॅम्प गाडीने जात असताना, वाहनांच्या मधोमध उरलेल्या तुकड्यावर त्यांची नजर एका पसरट झुडपावर गेली. रानातून गेलं म्हणून ६२ वर्षं ज्याच्यावर पाणी सोडलं होतं, तेच ते. रस्त्याचं काम थांबणार नव्हतं, म्हणून जानेवारी २०१० मध्ये मुळांभोवतीच्या मातीच्या सुमारे दहा टनी ढेपेसकट क्रेनने उचलून ते प्रेसिडिओतच दुसरीकडे लावलं.

खर्चाचा आकडा दोन लाख डॉलरच्या घरात गेला आणि टीका झाली: बागांमध्ये आहे की हे, मग एका झुडपापायी एवढा खटाटोप कशाला? प्रश्न वरवर रास्त आहे. पण बागेतली रोपं म्हणजे लॉरेल हिलच्या मोजक्या झुडपांच्या छाटकलमांची फौज. रस्त्यावरचं झुडूप त्यांच्यापेक्षा वेगळं, म्हणजे परागासाठी नवा जोडीदार. मला तरी पैसे वाया गेले असं वाटत नाही.

२०१२ मध्ये ते संघराज्याच्या संकटग्रस्त यादीत आलं, आणि पुढच्या वर्षी शहरातली सुमारे २३० एकर जागा त्याचा महत्त्वाचा अधिवास म्हणून ठरवली गेली. कलमं लावणं सोपं, बियांचं अवघड. या झुडपाचं बी वणव्यानंतर रुजतं, आणि भर शहरात आग कोण लावू देणार? त्यात फायटोफ्थोरा हा मुळं कुजवणारा रोग मॅन्झानिटांना चटकन लागतो आणि बुटांच्या चिखलातूनही पसरतो. तुडवणूक आणि रोग दोन्ही टाळायचं, तर मूळ झुडपाची जागा गुपित ठेवण्यावाचून गत्यंतर नाही.