डार्विनची नैसर्गिक निवड आणि वॉलेसची नैसर्गिक निवड: सारखी दिसते, पण एकच आहे का?

जिराफाची मान लांब कशी झाली असं कुणालाही विचारा, उत्तरात डार्विनचं नाव येणारच. पण १८५९ साली आलेल्या त्याच्या ओरिजिन ऑफ स्पीशीज या पुस्तकाच्या पहिल्या आवृत्तीत ते प्रसिद्ध स्पष्टीकरण नाहीच, तिथे जिराफाच्या शेपटीवर लिहिलंय, माशा हाकलायला ती कशी कामाला येते ते. लांब मानेचा मुद्दा डार्विनने सविस्तर घेतला थेट १८७२ च्या सहाव्या आवृत्तीत. आणि त्याच्या १४ वर्षं आधी, १८५८ च्या एका छोट्या लेखात आल्फ्रेड रसेल वॉलेस या दुसऱ्या इंग्रज निसर्गअभ्यासकाने लिहून ठेवलं होतं की जिराफाने मान ताणून ताणून ती वाढली नाही, ज्यांची मान जन्मतःच जरा लांब निघाली त्यांना त्याच जागेत जास्तीचा पाला मिळाला आणि खायची टंचाई आल्यावर तेच तगले. म्हणजे शाळेत डार्विनच्या नावाने शिकलेलं हे उदाहरण आधी वॉलेसचं आहे.

दोघांची नावं जोडीने येतात, त्यामुळे दोघांनी एकच गोष्ट शोधली असं आपण धरून चालतो. गाभा एकच आहे, यात वाद नाही. जगू शकतील त्यापेक्षा जास्त पिल्लं जन्मतात, सगळी एकसारखी नसतात, ज्यांना त्या जागी फायदा होतो ती टिकतात आणि त्यांचीच संतती पुढे जाते. दोघांनाही हे सुचायला अर्थतज्ज्ञ माल्थसचा लोकसंख्येवरचा निबंध कारणीभूत ठरला. पण पुढे गेलं की फरक दिसतो, आणि मला तरी तो फरकच जास्त महत्त्वाचा वाटतो.

आधी माणसं बघा. डार्विन १८०९ चा, श्रूजबरीच्या श्रीमंत डॉक्टरचा मुलगा, बीगल जहाजावर १८३१ ते १८३६ जग फिरून आला तो वडिलांच्या पैशावर, आणि नंतर डाउन गावच्या घरात बसून आयुष्यभर काम केलं, पोटापाण्याची चिंता कधी नव्हती. वॉलेस १८२३ चा, घरची परिस्थिती ढासळलेली, १४ व्या वर्षाच्या सुमारास शाळा सुटली, जमीनमोजणीची कामं केली. किडे, फुलपाखरं, पक्षी गोळा करून लंडनच्या एजंटमार्फत विकायचे आणि त्यावर प्रवास करायचा, हा त्याचा धंदा. ॲमेझॉनमधून परत येताना १८५२ मध्ये भर समुद्रात जहाजाला आग लागली, जवळचा जवळपास सगळा संग्रह जळाला, आणि हा माणूस १० दिवस उघड्या होडीत होता. तरी दोन वर्षांत परत निघाला, सिंगापूरला, आणि १८६२ पर्यंत आजच्या मलेशिया-इंडोनेशियाच्या बेटांवर फिरून सव्वा लाखाच्या वर नमुने जमवले. बोर्निओ बेटावरच्या सारावाकचा अली नावाचा मुलगा वर्षानुवर्षं त्याच्यासोबत होता, कितीतरी पक्षी त्याने मिळवलेत. त्याचं नाव वॉलेसबरोबर घेतलं गेलंच पाहिजे.

१८५५ चा वॉलेसचा पहिला मोठा लेख वाचून कलकत्त्याहून प्राणिशास्त्रज्ञ एडवर्ड ब्लिथने डार्विनला कळवलं होतं की हा लेख बघा, चांगला आहे. डार्विनने तेव्हा फार मनावर घेतलं नाही. मग १८५८ च्या फेब्रुवारीत मोलुका बेटांवर (आजच्या इंडोनेशियात) तापाने फणफणलेला असताना वॉलेसला सगळं एकदम उमगलं आणि त्याने लेख लिहून पाठवला तोही डार्विनलाच. डार्विनकडे १८४४ पासून मोठा निबंध तयार होता, छापला नव्हता. लायेल आणि हूकर या त्याच्या मित्रांनी १ जुलै १८५८ ला लंडनच्या लिनियन सोसायटीत, म्हणजे निसर्गअभ्यासकांच्या संस्थेत, दोघांचं लिखाण एकत्र वाचून टाकलं, डार्विनचं आधी. वॉलेसला विचारलंही नव्हतं, तो हजारो मैल लांब होता. डार्विनही तिथे नव्हता, त्याचं धाकटं बाळ नुकतंच वारलं होतं.

आता खरा मुद्दा. डार्विन सुरुवात करतो कबुतरांपासून. त्याने स्वतः कबुतरं पाळली, कबुतरबाजांच्या क्लबात जाऊन बसला, आणि पाळणारा माणूस निवडून निवडून जोड्या लावतो तसं निसर्गात आपोआप कसं होतं हे दाखवलं. वॉलेसचा १८५८ चा लेख याच्या बरोबर उलट बोलतो: पाळीव जनावरांवरून रानातल्या जनावरांबद्दल काहीच ठरवता येत नाही, कारण पाळीव जनावराला खायला मालक घालतो. त्याने उपमा दिली ती वाफेच्या इंजिनाच्या गव्हर्नर नावाच्या भागाची, जो वेग बिघडायला लागला की लगेच सावरतो. तिथे निवडणारा कुणी नाहीच. १८६६ मध्ये त्याने डार्विनला पत्र लिहून सांगितलं की तुमच्या मांडणीमुळे लोकांना वाटतं निसर्गात कुणीतरी बसून निवडतोय.

हाच फरक पुढे मोराच्या पिसाऱ्यावर येतो. डार्विन म्हणायचा लांडोर निवडते म्हणून पिसारा झाला. वॉलेसला मादीची आवडनिवड फारशी पटत नव्हती, त्याचं म्हणणं की अंड्यांवर बसणाऱ्या मादीला लपावं लागतं म्हणून ती मळकट राहते, खरं कोडं तिच्या रंगाचं आहे. इथे आजचं विज्ञान बरंचसं डार्विनच्या बाजूने आहे. पण सुरवंटांचं बघा. काही सुरवंट एवढे भडक का असतात हे डार्विनला सुटेना, कारण सुरवंट जोडी जमवत नाहीत, मग रंग कुणाला दाखवायचा? १८६७ मध्ये त्याने वॉलेसला विचारलं. वॉलेसचं उत्तर असं की हे सुरवंट चवीला घाण असणार, पण नुसतं घाण असून भागत नाही, पक्ष्याने एक चोच मारली तरी सुरवंट मरतो, म्हणून चोच मारायच्या आधीच लांबून कळलं पाहिजे. नंतर पिंजऱ्यातल्या पक्ष्यांना असे भडक सुरवंट देऊन पाहिले तर त्यांनी ते नाकारलेच. किती सुंदर विचार आहे हा!

अजून एक गोष्ट, वापराने अवयव बदलतो आणि तो बदल पिल्लांत उतरतो हे डार्विन काही प्रमाणात शेवटपर्यंत मानत राहिला. वॉलेसने ते पुढे साफ सोडून दिलं. १८८९ च्या आपल्या पुस्तकाचं नावही त्याने डार्विनिझम ठेवलं, पण आत जी निवड आहे ती डार्विनपेक्षा जास्त कडक आहे.

मात्र माणसाच्या मेंदूपाशी आल्यावर दोघांच्या भूमिका उलट्या झाल्या. निवडणारा कुणी नाही म्हणणाऱ्या वॉलेसने १८६९ मध्ये लिहिलं की गणित, संगीत, नीती हे सगळं नुसत्या निवडीतून येणार नाही, यामागे काही वरची बुद्धी असली पाहिजे. डार्विन हादरला. लेख यायच्या आधीच त्याने पत्रात लिहिलं होतं की तुमच्या आणि माझ्या लेकराला तुम्ही पुरतं मारून टाकलं नसेल अशी आशा आहे. या मुद्द्यावर त्यांचं कधीच जमलं नाही, पण वॉलेसला पैशाची अडचण होती तेव्हा सरकारी पेन्शन मिळावी म्हणून डार्विनने खटपट केली, आणि १८८१ पासून वर्षाला २०० पौंड सुरू झाले.