भागिले पाच: लिपिड रिपोर्टमधल्या एलडीएलची पार्श्वभूमी

सीमाभागात हा घोळ नेहमीचा. निपाणीची माणसं कोल्हापूरला दाखवतात, अथणी-चिकोडीकडची मिरजेला. बेळगावात केलेली रक्ततपासणी तिकडे पुन्हा होते, एलडीएलचा, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉलचा, आकडा वेगळा येतो आणि घरी वाद सुरू होतो: कुठली लॅब खरी? बऱ्याचदा दोन्ही खऱ्या असतात. एकीने एलडीएल मोजलेलं असतं, दुसरीने हिशोबाने काढलेलं. कागदावर नाव मात्र एकच.

पूर्वी एलडीएल वेगळं काढायला रक्त अतिवेगाने फिरवून घटक वेगळे करणारा अल्ट्रासेंट्रिफ्यूज लागे. ते यंत्र महाग, काम वेळखाऊ. 1972 मध्ये 448 जणांच्या तपासण्यांवरून सोपी वाट निघाली: एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल (‘चांगलं’ कोलेस्टेरॉल) वजा करा, मग ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) भागिले पाच वजा करा. तो पाचवा हिस्सा म्हणजे व्हीएलडीएलमधलं, ट्रायग्लिसराइड वाहून नेणाऱ्या कणांमधलं, कोलेस्टेरॉल, असं गृहीत धरलेलं. हे प्रमाण सगळ्यांत सारखं नसतं, हे सूत्र मांडणाऱ्यांना ठाऊक होतं. व्हीएलडीएलचा वाटा लहान, एलडीएलचा मोठा, म्हणून चूक चालून जाईल, असा त्यांचा युक्तिवाद. ट्रायग्लिसराइड 400 च्या वर (आकडे मिलिग्रॅम प्रति डेसिलीटरचे) असेल तर सूत्र वापरू नका, असंही त्यांनी बजावलं होतं.

त्या काळाला तो युक्तिवाद शोभत होता. आता औषधांनी एलडीएल खूप खाली येतं आणि तिथेच पाच नडतो. एकूण 130, एचडीएल 40, ट्रायग्लिसराइड 250 असेल तर एलडीएल 40 येतं. पाचाऐवजी सहाने भागा, 48 होतं. गोळीचा डोस ठरवताना हा फरक लहान नाही, आणि आपल्याकडे चढं ट्रायग्लिसराइड व कमी एचडीएल ही जोडी घरोघरी दिसते.

पाच का टिकत नाही, याचं उत्तर गणिती मॉडेल बनवणाऱ्यांनी दिलं. लिपोप्रोटीनवर, म्हणजे एलडीएल-व्हीएलडीएलसारख्या कणांवर, खूण लावून ती रक्तातून किती वेगाने ओसरते ते मोजलं जाऊ लागलं आणि शरीराचे कप्पे कल्पून समीकरणं मांडली गेली. विहिरीची पातळी पाहून झरा वाढला की उपसा कमी झाला ते कळत नाही, तसंच एलडीएलच्या आकड्याचं आहे. मॉडेलने झरा आणि उपसा वेगळे केले. त्यातून दिसलं की इन्सुलिनला शरीर दाद देईनासं झालं की यकृत मोठ्या आकाराचं व्हीएलडीएल जास्त सोडतं. त्यात कोलेस्टेरॉलच्या मानाने ट्रायग्लिसराइड खूप असतं. मग भाजक पाचावर थांबणार कसा?

2013 मध्ये 180 चौकटींचा तक्ता आला, ज्यात भाजक माणसागणिक बदलतो. 2020 च्या समीकरणाने ट्रायग्लिसराइडची 400 ची मर्यादा 800 पर्यंत नेली. मधल्या काळात, 2016 मध्ये, युरोपातल्या तज्ज्ञांनी उपाशीपोटी रक्त देण्याची सरसकट अटही सैल केली. थेट मोजणीच्या पद्धती नव्वदीतच आल्या होत्या, पण ट्रायग्लिसराइड फार चढलं की त्याही चुकतात.

तरी कितीतरी रिपोर्टांवर अजून तोच पाच आहे. तो बदलायला नवं मशीन लागत नाही, रिएजंट म्हणजे तपासणीचं रसायनही नाही. लॅबच्या कॉम्प्युटरमधलं सूत्र तेवढं बदलायचं आहे.