उभ्या फियाटला रोजची पाच मिनिटं

"जुनी गाडी उभी असेल तर रोज पाच मिनिटं इंजिन चालू ठेवा, बॅटरी उतरत नाही," हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. हेतू चांगलाच आहे, हिशेब मात्र जमत नाही.

थंड इंजिन सुरू करताना स्टार्टर बॅटरीतून शंभरहून जास्त अँपिअर ओढतो. जुन्या फियाट-अँबेसिडरमध्ये बॅटरी भरायला बऱ्याचदा अल्टरनेटर नसून जुन्या पद्धतीचा डायनॅमो असतो आणि आयडलिंगला, म्हणजे रेस न देता इंजिन नुसतं चालू असताना, तो जवळजवळ काहीच देत नाही. डॅशबोर्डवरचा लाल दिवा तेव्हा मिणमिणतो, तो त्यामुळेच. रेस दिली की विझतो, बघा.

दुसरं नुकसान दिसत नाही. पेट्रोल जळताना पाण्याची वाफ होते. पाच मिनिटांत सायलेन्सर पुरता तापत नाही, पाणी आतच साचतं आणि पत्रा आतून गंजतो.

खात्री करायला साधा मल्टिमीटर पुरे. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर 12.6 व्होल्ट म्हणजे भरलेली, 12.2 म्हणजे साधारण निम्मी. आठवडाभर पाच मिनिटांचा नेम पाळून पुन्हा मोजा.

त्यापेक्षा आठवड्यातून एकदा अर्धा तास रस्त्यावर फिरवून आणा. तेही जमणार नसेल, तर बॅटरीची निगेटिव्ह केबल काढून ठेवा. एक पाना लागतो, बस्स.