नोबेलसाठी पन्नास लाख मेंढ्यांचे मेंदू

म्हैस सारखी उलटायला लागली, म्हणजे भरवली तरी तीन आठवड्यांनी पुन्हा माजावर, की घरात कसं वातावरण असतं ते दुभतं जनावर सांभाळणाऱ्यालाच माहीत. माझ्या मामाकडे अशी एक होती. जनावरांचे डॉक्टर आले, रेतन केलं आणि सोबत एक छोटंसं इंजेक्शन दिलं. मी रिकामी बाटली उचलून नाव वाचलं, बुसेरेलिन. घरी येऊन शोधत बसलो की हे नक्की काय आहे, आणि म्हशीवरून जे निघालो ते थेट दोन माणसांच्या कित्येक वर्षांच्या भांडणात जाऊन पडलो. तेव्हापासून हा किस्सा कुणालातरी सांगायचाच होता.

आधी थोडं विज्ञान, कारण त्याशिवाय भांडण कळणार नाही. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा भाग असतो, माणसात साधारण बदामाएवढा. त्याच्या खाली लोंबकळते पिट्युटरी ग्रंथी. थायरॉइड, बीजांडकोश, अ‍ॅड्रिनल, शरीराची वाढ, सगळ्यांची सूत्रं या पिट्युटरीकडे. मग पिट्युटरीला ऑर्डर कोण देतं? ब्रिटनचे जेफ्री हॅरिस म्हणत होते की हायपोथॅलॅमसच देतो, पण मज्जातंतूंमधून नाही, तर मधल्या बारीक रक्तवाहिन्यांमधून काहीतरी रसायन खाली पाठवून. कल्पना एकदम झकास होती, पण ते रसायन कुणी बघितलेलंच नव्हतं, त्यामुळे न मानणारेही पुष्कळ होते.

१९५५ मध्ये दोन ठिकाणी एकाच वेळी पुरावा मिळाला. अमेरिकेत ह्यूस्टनला रॉजर गीयमाँ (मूळचे फ्रान्सच्या दिजाँचे) आणि कॅनडात माँट्रियलला मरे सॅफ्रन आणि त्यांचा विद्यार्थी अँड्र्यू शॅली. हायपोथॅलॅमसमधलं काहीतरी पिट्युटरीला अ‍ॅड्रिनलसाठीचा हॉर्मोन सोडायला लावतं, एवढं दोघांनाही दिसलं. त्या काहीतरीचं नाव पडलं सीआरएफ. १९५७ मध्ये शॅली गीयमाँच्याच लॅबमध्ये कामाला आले आणि दोघांनी मिळून पाच वर्षं त्या सीआरएफच्या मागे घातली. हाती काही लागलं नाही. मधे गीयमाँ पॅरिस आणि ह्यूस्टन असं दोन्हीकडे काम करायला लागले, शॅली इकडेच, दोघांचं पटेनासं झालं, आणि १९६२ मध्ये शॅली न्यू ऑर्लिन्सला माजी सैनिकांच्या हॉस्पिटलात स्वतःची लॅब थाटायला निघून गेले. शर्यत खरी तिथून सुरू झाली. आणि शेवटच्या रेषेवर काय ठेवलंय हे दोघांनाही पक्कं माहीत होतं. हॅरिसचं रसायन जो बाटलीत काढून दाखवेल त्याला स्टॉकहोमचं तिकीट.

आता काम कसलं होतं ते बघा. हे रसायन एका मेंदूत इतकं कमी की ग्रॅम, मिलिग्रॅम वगैरे विसरूनच जायचं. म्हणजे कत्तलखान्यात माणसं लावायची, मेंदूच्या तळाचा तो छोटा तुकडा हाताने कापायचा, लगेच गोठवायचा, आणि हे लाखो वेळा. गीयमाँच्या टीमने मेंढ्या धरल्या. पन्नास लाखांवर तुकडे, त्यासाठी हाताळलेले मेंदू सगळे मिळून पाचशे टन. शॅलींनी डुकरं धरली, आणि त्यांना एका मोठ्या मांस कंपनीने दहा लाखांच्या आसपास डुकरांचे हायपोथॅलॅमस फुकट दिले. मग दळा, अर्क काढा, गाळण्यांच्या नळकांड्यांतून सोडा, आलेला प्रत्येक भाग उंदराला टोचा आणि (पहिला शोध थायरॉइड हलवणाऱ्या रसायनाचा होता म्हणून) उंदराच्या थायरॉइडमधून किरणोत्सारी आयोडीन बाहेर येतंय का ते मोजा. आलं तर तो भाग ठेवा, बाकीचा फेका, परत गाळा. गीयमाँना तीन लाख मेंढ्यांमधून शेवटी एक मिलिग्रॅम माल मिळाला. एक मिलिग्रॅम म्हणजे मिठाचे दहा-वीस कण असतील नसतील.

इथे एक गोष्ट मान्यच करायला पाहिजे. निव्वळ जिज्ञासेपोटी असली दळणं कुणी दळली असती असं मला वाटत नाही. हुशार लोकांनी तर या कामाला नाकंच मुरडली, की यात डोकं काय लागतं, ही तर मजुरी. शॅली आणि गीयमाँ टिकले ते हट्टामुळे, आणि हट्ट टिकला तो समोर दुसरा होता म्हणून. महत्त्वाकांक्षा वाईट असं म्हणून मोकळं होता येत नाही ते यामुळेच.

पहिलं लक्ष्य होतं टीआरएच, म्हणजे थायरॉइडच्या साखळीतला सगळ्यात वरचा हुकूम. (खरं तर शॅली टीआरएच म्हणायचे, एच म्हणजे हॉर्मोन, आणि गीयमाँ टीआरएफ, एफ म्हणजे फॅक्टर. वस्तू एकच, पण दुसऱ्याचं नाव घेणार नाही. गावात एकाच विहिरीला दोन भावांनी दोन नावं ठेवावीत तसं.) १९६६ मध्ये शॅलींना त्यात तीन अमिनो अ‍ॅसिड सापडली, ग्लुटामिक अ‍ॅसिड, हिस्टिडीन आणि प्रोलिन. तीन मणी म्हणजे ओवायचे प्रकार फक्त सहा. त्यांनी एका औषध कंपनीकडून सहाच्या सहा बनवून घेतले आणि टोचून बघितले. एकही चालला नाही! आणि त्यांच्या मालाच्या वजनात ही तीन अमिनो अ‍ॅसिड मिळून जेमतेम तीस टक्के भरत होती, म्हणून त्यांनी निष्कर्ष काढला की खरा पदार्थ वेगळाच काहीतरी आहे. गीयमाँची टीमसुद्धा तेव्हा म्हणत होती की हे बहुतेक पेप्टाइड, म्हणजे अमिनो अ‍ॅसिडची माळ, नाहीच. उत्तर हातात येऊन दोघांनीही खाली ठेवलं.

पुढे १९६९ च्या जानेवारीत अ‍ॅरिझोनातल्या टूसॉनला एक बैठक झाली. पैसा देणाऱ्या सरकारी संस्थेचे लोक कंटाळले होते, इतकी वर्षं इतके डॉलर आणि निकाल शून्य, त्यामुळे नळ बंद व्हायची वेळ आली होती. तिथे गीयमाँच्या टीमने, म्हणजे मुख्यतः त्यांचे रसायनतज्ज्ञ रॉजर बर्गस यांनी, दाखवून दिलं की जास्त शुद्ध केलेल्या मालात तीच तीन अमिनो अ‍ॅसिड आहेत आणि वजनही बऱ्यापैकी जुळतंय. शॅलींच्या पोटात काय झालं असेल विचार करा, तीन वर्षांपूर्वी स्वतःच छापलेलं उत्तर! आता दोन्ही लॅब रात्रंदिवस जुंपल्या. ग्यानबाची मेख अशी होती की माळेची दोन्ही टोकं बंद होती. एका टोकाला ग्लुटामिक स्वतःभोवतीच वळून कडी झालेलं, दुसऱ्या टोकाला अमाइडची टोपी. टोकं उघडी असलेले ते सहा प्रकार चालणार कसे? शॅलींकडून कार्ल फोकर्स यांच्या टीमने आणि गीयमाँकडून बर्गस यांनी हे कोडं सोडवलं आणि १९६९ च्या अखेरीस दोन्ही पेपर थोड्याच दिवसांच्या फरकाने आले. मेंढी असो की डुक्कर, रेणू एकच निघाला. माणसातही तोच.

यानंतर १९७१ मध्ये शॅलींच्या लॅबने दहा मण्यांचा एलएचआरएच पकडला, प्रजननाची सगळी साखळी हलवणारा. मामाच्या म्हशीला दिलं ते याचंच सुधारलेलं रूप. टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचारात बायकांना जी इंजेक्शनं घ्यावी लागतात त्यातली काही याच घराण्यातली, आणि प्रोस्टेट कॅन्सरवरची ल्युप्रोलाइडसारखी औषधंही. मत्स्यबीज केंद्रात रोहू-कटल्याला अंडी सोडायला लावणारं इंजेक्शन पण त्यांचंच भावंड. मात्र एलएचआरएचची रचना बसवणारा माणूस होता जपानहून आलेला हिसायुकी मात्सुओ, इवल्याशा मालावर चालेल अशी स्वतःची पद्धत घेऊन आलेला. नोबेलच्या यादीत त्याचं नाव नाही. (हाच मात्सुओ जपानला परत गेला आणि १९८८ मध्ये त्याच्या लॅबने डुकराच्या मेंदूतून बीएनपी शोधलं. हार्ट फेल्युअरचा संशय आला की डॉक्टर जी बीएनपी टेस्ट लिहून देतात ना, तेच.) गीयमाँच्या बाजूला १९७३ मध्ये सोमॅटोस्टॅटिन, म्हणजे वाढीच्या हॉर्मोनला आवर घालणारं रसायन, सापडलं, तिथे पॉल ब्राझो आणि वायली व्हेल राबत होते. त्यांचीही नावं यादीत नाहीत.

या दोघांपैकी कुणी आकडे बनवले नाहीत की निकाल रंगवले नाहीत, आणि बनवले असते तरी समोरच्याने दुसऱ्या दिवशी चव्हाट्यावर आणलं असतं. वैरी हाच सगळ्यात कडक ऑडिटर. गडबड होती ती बारीकसारीक ठिकाणी. दुसऱ्याच्या पेपरचा उल्लेख टाळायचा, केलाच तर असा करायचा की वाचणाऱ्याला तो फालतू वाटावा, परिषदेत एकमेकांना टोमणे मारायचे. यातलं काहीही नियमाबाहेर नाही, कुठल्याच चौकशी समितीसमोर ते येणार नाही, आणि म्हणूनच मला ते जास्त खुपतं. गंमत म्हणजे १९७५ ते ७७ ही दोन वर्षं गीयमाँच्या लॅबमध्ये (तोपर्यंत ती कॅलिफोर्नियातल्या साल्क इन्स्टिट्यूटमध्ये गेली होती) एक फ्रेंच माणूस वही घेऊन बसला होता, आदिवासी पाड्यावर मानववंशशास्त्रज्ञ बसतो तसा, शास्त्रज्ञ दिवसभर करतात तरी काय ते टिपायला. त्याचं नाव ब्रुनो लातूर. आपल्या लातूरशी काही संबंध नाही.

१९७७ मध्ये निकाल लागला. वैद्यकाच्या नोबेलचा अर्धा भाग गीयमाँ आणि शॅली यांना मिळून, आणि उरलेला अर्धा रोझलिन यालो यांना, कारण रक्तातला कणभर हॉर्मोन मोजायची रेडिओइम्युनोअ‍ॅसे ही पद्धत त्यांची. हॅरिस, ज्यांची मूळ कल्पना, ते १९७१ मध्येच गेले होते आणि नोबेल मेलेल्या माणसाला देत नाहीत.

यालोंचं मात्र सांगायलाच हवं. त्यांची पद्धत त्यांनी आणि सॉलोमन बर्सन यांनी मिळून शोधली, वीसेक वर्षांची जोडी, पेटंटसुद्धा घेतलं नाही. १९७२ मध्ये बर्सन वारले. जोडीदार गेला, आता नोबेल विसरा, असं लोक धरून चालले होते. यालोंनी काय केलं, तर आपल्या लॅबलाच बर्सन यांचं नाव द्यायला लावलं, म्हणजे यापुढे जो पेपर बाहेर पडेल त्यावर ते छापलं जाईलच. एकाच मंचावर एकाच वर्षी, एका बाजूला समोरच्याचं नाव घ्यायला तयार नसलेले दोघं आणि दुसऱ्या बाजूला ही बाई. नोबेलची इच्छा तिलाही होतीच हो, तिने ती कधी लपवलीही नाही.

आणि १९५५ मध्ये ज्याच्यामुळे हे सगळं सुरू झालं ते सीआरएफ? ते ना गीयमाँना सापडलं ना शॅलींना. १९८१ मध्ये त्याची रचना काढली वायली व्हेल यांनी, जे तोवर गीयमाँपासून वेगळे होऊन त्याच साल्क इन्स्टिट्यूटमध्ये आपली लॅब चालवत होते आणि ज्यांचं आता जुन्या बॉसशीच वाजत होतं. एक्केचाळीस मणी निघाले त्यात. आणि माल होता मेंढ्यांचाच.