संग्रहणी

संग्रहणी : अन्न नीट न पचता व अंगी न लागता महिनोन्‌ महिने ढाळ होत राहणे, पोटात गुबारा धरणे, तोंड येणे, वजन घटणे आणि पुढे रक्तक्षय होऊन हातापायांवर सूज येणे, अशा रेंगाळणाऱ्या पचनविकाराचे मराठीतील रूढ नाव. वैद्यकाच्या मराठी परिभाषेत ते बहुधा ‘स्प्रू’ या, लहान आतड्यात अन्नरसाचे शोषण न होण्याच्या विकारासाठी योजिले जाते. बोलीत मात्र त्याची व्याप्ती मोठी असून, दीर्घकाळ पोट बिघडलेले असले म्हणजे कारण कोणतेही असो, ‘संग्रहणी लागली’ असे म्हणतात. या दोन अर्थांखेरीज संस्कृत ग्रंथांतला एक तिसरा, अधिक मर्यादित अर्थ आहे आणि तो पहिल्या दोहोंशी पुरता जुळत नाही.

शब्द व मूळ : आयुर्वेदात ‘ग्रहणी’ हे प्रथम अवयवाचे नाव आहे. ‘अग्न्यधिष्ठानमन्नस्य ग्रहणाद् ग्रहणी मता’ या चरकसंहितेतील वचनानुसार ती अग्नीचे, म्हणजे पचनशक्तीचे, अधिष्ठान असून अन्न धरून ठेवते, म्हणून ग्रहणी. न पचलेले अन्न ती अडवते आणि पचलेले पुढे सोडते. सुश्रुताने आमाशय (जठर) व पक्वाशय (मोठे आतडे) यांच्या मधली पित्तधरा कला, म्हणजे पित्त धारण करणारा पडदा, म्हणजेच ग्रहणी असे म्हटले आहे. या वर्णनावरून आधुनिक परिभाषाकारांनी लहान आतड्याच्या आरंभीच्या भागास ग्रहणी हे नाव दिले, ते स्थानाच्या दृष्टीने रास्त आहे. कार्याच्या दृष्टीने पाहता मूळ कल्पना त्या वीतभर भागाहून बरीच मोठी दिसते. ‘संग्रहणी’ हा शब्द ‘सम्’ उपसर्ग लागून झाला असे म्हणता येईल. परंतु ‘संग्रहग्रहणी’ या समासातील ‘ग्रह’ची पुनरावृत्ती गळून तो झाला असावा, हे स्पष्टीकरण अधिक पटते, कारण रोगविशेषाचे नाव म्हणून ग्रंथांत तोच समास येतो.

ग्रहणीरोगाचे विस्तृत विवेचन चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील पंधराव्या अध्यायात आहे. हा अध्याय चरकाचा मानावा काय, हा प्रश्न आहे. चिकित्सास्थानातील सतरा अध्याय, तसेच कल्पस्थान व सिद्धिस्थान उपलब्ध न झाल्याने आपण ते पूर्ण केले, असे या संहितेचा नंतरचा संस्कर्ता दृढबल याने स्वतःच सांगितले आहे. मात्र ते सतरा अध्याय कोणते, याविषयी मतभेद आहेत. अकराव्या शतकातील टीकाकार चक्रपाणिदत्त यांच्या परंपरेप्रमाणे राजयक्ष्म्यापर्यंतचे आठ अध्याय आणि त्यांखेरीज अर्श, अतिसार, विसर्प, मदात्यय व द्विव्रणीय हे पाच चरकाचे ठरतात. याउलट प्रचलित मुद्रित क्रम प्रमाण मानला, तर पहिले तेरा, म्हणजे उदररोगापर्यंतचे अध्याय त्याचे होतात. कोणताही पक्ष स्वीकारला, तरी ग्रहणीचा अध्याय दृढबलाच्याच वाट्याला जातो, ही गोष्ट या वादात सहसा नजरेआड होते. दृढबलाचा काळ सामान्यतः इसवी सनाचे चौथे-पाचवे शतक मानतात. त्याचे गाव पंचनदपूर काश्मीरात की पंजाबात, हे निश्चित नाही. तथापि रोगाची कल्पना त्याच्याहून जुनी असली पाहिजे. सूत्रस्थानाच्या एकोणिसाव्या अध्यायातील रोगांच्या गणनेत चार ग्रहणीदोष सांगितलेले आहेत आणि तो भाग दृढबलाने भर घातलेल्या स्थानांत मोडत नाही. सुश्रुतसंहितेत ग्रहणीला स्वतंत्र अध्याय नाही. उत्तरतंत्रात अतिसाराच्या ओघातच ती येते.

‘संग्रहग्रहणी’ हा प्रकार माधवकराच्या ‘माधवनिदान’ या रोगनिदानावरील ग्रंथाच्या प्रचलित पाठात आढळतो. माधवकराचा काळ इसवी सनाच्या सातव्या शतकाच्या शेवटापासून आठव्याच्या आरंभापर्यंत असावा. या प्रकारात मळ साठून राहतो व दहा दिवसांनी, पंधरवड्याने, महिन्याने किंवा रोजच्या रोजही सुटतो. पोटात गुरगुर, कंबरदुखी, आळस ही लक्षणे असतात. आणि विकार दिवसा वाढतो व रात्री शांत होतो. तेथेच ‘घटीयंत्र’ (रहाटगाडगे) नावाचा असाध्य प्रकारही सांगितला आहे. त्यात रोगी झोपला असता कुशींत शूळ उठतो आणि पाण्यात घागर बुडावी तसा आवाज येतो. रहाटगाडग्याच्या या उपमेवरून वर्णन करणाऱ्याने रुग्णाच्या पोटाला कान लावून ऐकले होते, असे वाटल्यावाचून राहत नाही. बालकांतील ग्रहणी साध्य, तरुणांतील कष्टसाध्य व वृद्धांतील असाध्य, असा निर्वाळाही तेथे दिला आहे.

आधुनिक ओळख : 1880 मध्ये पॅट्रिक मॅन्सन यांनी चीनमधील अमॉय येथील आणि फान डेर बुर्ख यांनी जावातील रुग्णांवरून एका दीर्घ अतिसाराचे वर्णन स्वतंत्रपणे प्रसिद्ध केले. जावातील डच लोक त्याला ‘स्प्रू’ म्हणत. डच भाषेत या शब्दाचा संबंध तोंड येण्याशी आहे. हिंदुस्थानातील गोऱ्या सैनिकांत व अधिकाऱ्यांत हा विकार परिचित होता आणि दुसऱ्या महायुद्धात येथे ठेवलेल्या इटालियन युद्धकैद्यांत त्याचा बारकाईने अभ्यास झाला. ग्रहणी म्हणजेच स्प्रू, हे समीकरण विसाव्या शतकात रूढ झाले व मराठी परिभाषेतही उतरले. अलीकडे काही वैद्य व संशोधक ग्रहणीचा मेळ ‘इरिटेबल बॉवेल सिंड्रोम’ म्हणजे आयबीएस या, आतड्याच्या रचनेत दोष नसता होणाऱ्या विकाराशी घालतात, तर काही गव्हातील ग्लुटेनमुळे होणाऱ्या सीलिॲक रोगाशी.

प्रस्तुत लेखकाच्या मते येथे दोन वर्णनांची गल्लत झाली आहे. चरकसंहितेतील ग्रहणीत तोंडाची चव जाणे, हातापायांना सूज, पेऱ्यांत वेदना, कृशता अशी लक्षणे असून ती अन्नरसाचे शोषण न होण्याच्या, म्हणजे स्प्रूसारख्या विकारांच्या जवळची आहेत. माधवनिदानातील संग्रहग्रहणी मात्र आयबीएसशी अधिक जुळते. विशेषतः रात्री शांत होणे हे चिन्ह महत्त्वाचे, कारण झोपेतून उठवणारा अतिसार आयबीएसमध्ये सहसा नसतो व तो दिसल्यास आजही डॉक्टर दुसरे कारण शोधतात. म्हणजे ज्या प्रकारावरून ‘संग्रहणी’ हा शब्द आला, त्याच्याशी न जुळणाऱ्या रोगाला तो मराठीत चिकटला. अर्थात अग्निमांद्य या एका कल्पनेखाली गोळा केलेली लक्षणे आजच्या एकाच रोगाच्या साच्यात बसावीत, ही अपेक्षाच फारशी योग्य नाही.

उष्ण प्रदेशीय स्प्रूमध्ये लहान आतड्यातील रसांकुर (अन्नरस शोषणारे सूक्ष्म उंचवटे) खुजे होतात आणि स्निग्ध पदार्थ, फॉलिक अम्ल व ब-12 जीवनसत्त्व यांचे शोषण घटते. जंतुसंसर्गानंतर आतड्याच्या वरच्या भागात जंतूंची अनिष्ट वाढ टिकून राहणे हे कारण सर्वाधिक ग्राह्य मानले जाते, पण एकच एक जंतू सिद्ध झालेला नाही. वेल्लोर येथील ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातील एस. जे. बेकर व व्ही. आय. मथान यांनी 1960 नंतर तमिळनाडूच्या खेड्यांत आलेल्या साथींचा अभ्यास केला. स्प्रू साथीच्या रूपातही येतो, हे त्यावरून स्पष्ट झाले. उपचार साधा आहे : टेट्रासायक्लीन गटातील प्रतिजैविक आणि फॉलिक अम्ल काही महिने, व लागल्यास ब-12ची इंजेक्शने. फॉलिक अम्लाच्या शोधाचा एक धागा मुंबईत आहे. ल्यूसी विल्स यांनी 1928 पासून येथे गरोदर स्त्रियांच्या रक्तक्षयावर काम केले व यीस्टच्या अर्काने तो बरा होतो असे 1931 मध्ये प्रसिद्ध केले; त्या अर्कातील गुणकारी घटक म्हणजे फॉलिक अम्ल, हे पुढे उमगले.

सीलिॲक रोगात गहू, जव व राय यांतील ग्लुटेनमुळे रसांकुरांची हानी होते. गव्हाशी असलेला हा संबंध डच बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांनी 1950 च्या सुमारास मांडला. भारतात हा रोग गहू खाणाऱ्या उत्तरेत अधिक व दक्षिणेत विरळ आढळतो. आयबीएसमध्ये आतड्याच्या रचनेत दोष दिसत नाही. रोगनिदानासाठीच्या 2016 च्या आंतरराष्ट्रीय रोम निकषांनुसार मागील तीन महिन्यांत आठवड्यातून सरासरी किमान एक दिवस पोटदुखी असावी, तिचा संबंध शौच, त्याच्या वारंवारतेतील बदल व स्वरूपातील बदल यांपैकी किमान दोहोंशी असावा, आणि लक्षणांना सुरुवात होऊन सहा महिने झालेले असावेत. जिआर्डिया या परजीवीचा संसर्ग, आतड्याचा क्षय व क्रोनचा रोग (आतड्याचा दीर्घकालीन दाह) हेही ‘संग्रहणी’च्या नावाखाली वावरतात. यांपैकी क्षय व क्रोन एकमेकांपासून ओळखणे भारतात अवघड जाते, आणि चुकल्यास हानी होते. कारण क्रोनवर दिली जाणारी प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे क्षय बळावू देतात. म्हणून शौचावाटे रक्त, ताप, घटते वजन, रक्तक्षय किंवा रात्रीचे ढाळ असल्यास रक्ततपासणी, दुर्बीण व बायोप्सी यांना पर्याय नाही.

उपचार व आहार : ग्रहणीवर ताक श्रेष्ठ, कारण ते दीपन (पचनशक्ती वाढवणारे), ग्राही (मळ बांधणारे) व हलके असते, असे चरकसंहिता सांगते. लोणी काढलेल्या ताकावर रुग्णाला ठेवून अन्न हळूहळू कमी करणे व पुन्हा वाढवणे, हा तक्रकल्प अजूनही काही वैद्य करतात. विरजणातील जंतू दुधातील लॅक्टोजचा काही भाग आंबवतात व उरलेला पचविण्यासही साहाय्य करतात. त्यामुळे दूध न सोसणाऱ्या अनेकांना ताक चालते, एवढा भाग आजच्या ज्ञानाशी जुळतो. ताकाने स्प्रू किंवा सीलिॲक बरा होतो, असे मात्र त्यातून निघत नाही. कुड्याची साल, बेलफळाचा गर, सुंठ ही द्रव्ये परंपरेने दिली जातात. रसपर्पटी व पंचामृत पर्पटी यांत पारा असल्याने त्या स्वतःच्या मनाने घेणे धोक्याचे आहे.

सीलिॲक रुग्णाला ग्लुटेन जन्मभर वर्ज्य करावे लागते. ज्वारी, बाजरी, नाचणी व तांदूळ ग्लुटेनरहित असल्याने भाकरीवर वाढलेल्या घरांत हे पथ्य तुलनेने सोपे वाटते, आणि साबुदाणा, वरी, राजगिरा व शिंगाडा हे उपासाचे पदार्थही चालतात. अडचण अनपेक्षित ठिकाणी येते. बाजारातील बांधानी हिंगात मैदा किंवा गव्हाचे पीठ मिसळलेले असते, त्यामुळे फोडणीचे वरणही निषिद्ध ठरू शकते. थालीपिठाच्या भाजणीत गहू असतो. गिरणीत गव्हामागून ज्वारी दळली, तर जात्यात राहिलेले पीठ तिच्यात येते. यासाठी घरघंटी किंवा वेगळे दळण लागते. बंद पाकिटावर ‘ग्लुटेनमुक्त’ लिहिण्यास भारतीय नियमांनुसार किलोमागे 20 मिलिग्रॅमची मर्यादा आहे. गिरणीतल्या पिठाला असे मोजमाप कोण लावणार?

आयबीएससाठी मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठात विकसित झालेला, आंबणाऱ्या शर्करा कमी असलेला आहार सुचवतात. त्यात कांदा, लसूण, गहू व बऱ्याचशा डाळी काही आठवडे बंद करून नंतर एकेक पदार्थ परत सुरू करून पाहतात. तो कायमचा पाळावयाचा नसतो. चातुर्मासात कांदा-लसूण सोडणाऱ्या घरांना त्यातील अर्धे पथ्य ओळखीचे आहे, जरी त्या रीतीमागील हेतू निराळा असला. कांद्याचा स्वाद हिंगावर भागविण्याची युक्तीही तेथलीच. डाळी सोडणे मात्र शाकाहारी माणसास जड जाते, कारण प्रथिनांचा मुख्य आधारच जातो. अशा वेळी मुगाचे पातळ वरण थोड्या प्रमाणात ठेवून राजमा, छोले व चवळी तेवढी टाळतात.